एंटर दाबला, पुढे काय? दूध केंद्राच्या सॉफ्टवेअरसाठी इव्हेंट हँडलिंग

सातारा-सांगलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि तंत्रनिकेतनांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी पाहिली की काही विषय हमखास सापडतात: दूध संकलन, उसाचा वजनकाटा, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, पतसंस्थेची पिग्मी. सांगलीचं वालचंद असो, कराडचं शासकीय अभियांत्रिकी असो की राजारामनगरचं आरआयटी, मुलं आपल्या भागातलाच प्रश्न घेऊन येतात. ही निवड उत्तम आहे. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं तो माणूस हाकेच्या अंतरावर असतो आणि त्याच्या अडचणी त्याच्याच तोंडून ऐकता येतात.

मात्र परीक्षकांसमोर सुरळीत चाललेला प्रकल्प डेअरीत सकाळच्या गर्दीत नेऊन ठेवला की तासाभरात अडखळतो. कधी स्क्रीन गोठते, कधी एकाच दुधाच्या दोन पावत्या निघतात, कधी एकाची फॅट दुसऱ्याच्या नावावर चढते. डेटाबेस ठीक असतो, दराचा हिशोब ठीक असतो, फॉर्मही देखणा असतो. कोणत्या क्षणी काय घडलं आणि त्याला प्रोग्रॅमने काय उत्तर दिलं, हा भाग तेवढा घाईत उरकलेला असतो. एमएसबीटीईच्या आय-स्कीममधल्या ॲडव्हान्स्ड जावा विषयात इव्हेंट हँडलिंगला स्वतंत्र प्रकरण होतं. त्यातली लिसनरची आणि इव्हेंट क्लासची नावं पाठ होतात, पण तीस माणसं रांगेत उभी असताना त्या लिसनरचं काय होतं ते कुणी विचारत नाही. हा लेख त्यासाठी आहे. तुम्हाला जावा, पायथन, सी शार्प किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक भाषा येते आणि चार चौकटी नि दोन बटणं असलेला फॉर्म तुम्ही करून पाहिला आहे, एवढं गृहीत धरलं आहे. उदाहरण सगळीकडे दूध केंद्राचंच घेऊ.

आधी केंद्रावर काय घडतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. दूध घालायला आलेला शेतकरी किटली काट्यावरच्या भांड्यात ओततो. दूध संस्थेचे सचिव त्याचा खाते नंबर टाकतात, नाव बरोबर आलं का बघतात. काटा वजन दाखवतो. थोडं दूध फॅट मशीनला लागतं आणि अर्ध्या-एक मिनिटात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) कळतं. दरपत्रकावरून दर निघतो, पावती येते, पुढचा माणूस पुढे सरकतो. सचिवांचा एक हात ओला असतो, दुसरा नंबरपॅडवर. माउसला कुणी हात लावत नाही. नजर स्क्रीनवर कमी आणि काट्यावर, समोरच्या माणसावर जास्त. तुमचा फॉर्म या हातांसाठी आहे.

पहिल्या वर्षी सी शिकताना प्रोग्रॅम विचारतो आणि माणूस उत्तर देतो: आधी नंबर, मग लिटर, मग फॅट. क्रम प्रोग्रॅमच्या हाती असतो. फॉर्म आला की हे उलटतं. प्रोग्रॅम स्क्रीन मांडतो आणि थांबतो. पुढचा क्रम माणूस ठरवतो, तोही दर वेळी वेगळा. नंबर अर्धा टाकून सचिव कालच्या पावतीची प्रत काढायला जातील, मधेच कुणी विचारेल, ‘माझं दहा दिवसांचं बिल किती झालं?’ शिवाय माणूस एकटाच नाही. काटा आपलं वजन पाठवतो, फॅट मशीन आपला आकडा पाठवतं, घड्याळ पुढे सरकतं, छपाईयंत्रातला कागद संपतो. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक इव्हेंट, आणि त्याला उत्तर देणारं तुमचं फंक्शन म्हणजे हँडलर. तुम्हाला प्रत्येक घटनेचं उत्तर लिहायचं असतं आणि एका उत्तराने दुसऱ्याचं काम बिघडणार नाही हे पाहायचं असतं.

हे आतून कसं चालतं ते कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. कळ दाबली, माउस हलला, टायमर वाजला, की त्याचा निरोप तुमच्या प्रोग्रॅमच्या रांगेत जाऊन बसतो. एक लूप त्या रांगेतून पुढचा निरोप उचलतो, त्याचा हँडलर शोधतो, तो चालवतो, आणि तो संपल्यावरच पुढच्या निरोपाकडे वळतो. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये हेच होतं, १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये हेच होतं. पायथनच्या टीकेइंटरचा मेनलूप, जावाच्या स्विंगचा इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, ब्राउझरचा इव्हेंट लूप ही त्याचीच रूपं. डेअरीतली रांग आणि सचिव यांच्यासारखाच हा प्रकार आहे: घेणारा एकच. तोच मधे उठून मागच्या महिन्याची बिलं छापायला बसला, तर मागचे सगळे किटली धरून उभे. स्क्रीन नव्याने रंगवण्याचं कामही याच लूपकडे असतं, म्हणून लूप अडकला की स्क्रीन गोठते.

हँडलरमध्ये थांबू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याजवळ जरा थांबू. ‘जतन करा’ या बटणाच्या हँडलरमध्ये विद्यार्थी सगळं एकापाठोपाठ लिहितात: डेटाबेसमध्ये नोंद, मग पावती छापणं, मग शेतकऱ्याला एसएमएस, मग दूध संघाच्या सर्व्हरला माहिती. कॉलेजच्या वायफायवर हे झटकन होतं. खेड्यात मोबाइलच्या नेटवर्कवर एसएमएसची विनंती दहा सेकंद लटकते आणि तेवढा वेळ लूप त्या हँडलरमध्येच बसून असतो. एखाद्या विंडोने पाच सेकंद निरोप उचलला नाही की विंडोज तिच्या टायटल बारवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. सचिवांना वाटतं, दाबलंच गेलं नाही. ते पुन्हा एंटर मारतात, पुन्हा मारतात. बहुतेक वेळा त्या कळा हरवत नाहीत, रांगेत थांबतात. दहा सेकंदांनी लूप मोकळा झाला की त्या एकामागून एक हँडलरला दिल्या जातात, आणि एका किटलीच्या तीन नोंदी होतात. ही चूक दहा दिवसांनी बिलाच्या वेळी बाहेर येते, आणि तेव्हा सचिवांवर संशय घेतला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे मनात ठेवायला हवं.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. पहिला, हँडलरमध्ये शिरताच बटण निष्क्रिय करा आणि ‘जतन चालू आहे’ असा झेंडा लावा. काम संपल्यावर, मग ते यशस्वी होवो वा फसो, तो काढा. झेंडा लावला असेल तर दुसऱ्या एंटरने काहीही होता कामा नये. हे बटणावरच्या क्लिकइतकंच एंटर कळीलाही लागू करा, कारण एंटर जरा जास्त वेळ दाबून धरली तरी कळ दाबल्याचे इव्हेंट पुन्हा पुन्हा येत राहतात. ब्राउझरमध्ये असा पुनरावृत्त इव्हेंट ओळखण्यासाठी त्याच्यावर ‘रिपीट’ नावाची खूण असते. पण झेंडा लूप मोकळा असतानाच उपयोगी पडतो. हँडलरच दहा सेकंद अडून बसला, तर रांगेतल्या कळा त्याला झेंडा उतरल्यावर मिळतील आणि दुहेरी नोंद होईलच. त्यामुळे दुसरा उपाय अटळ आहे.

तो असा: हँडलरने स्थानिक डेटाबेसमध्ये नोंद करावी, स्क्रीनवर ‘झाली’ असं दाखवावं आणि परत फिरावं. छपाई, एसएमएस, सर्व्हर ही कामं वेगळ्या थ्रेडकडे द्यावीत. स्विंगमध्ये त्यासाठी स्विंगवर्कर आहे, जावा ६पासून तो सोबतच येतो. सी शार्पमध्ये एसिंक-अवेट आहे. पायथनमध्ये वेगळा थ्रेड काम करून निकाल एका क्यूमध्ये टाकतो आणि टीकेइंटरचं ‘आफ्टर’ दर १०० मिलिसेकंदांनी तो क्यू तपासतं. अँड्रॉइडने तर ३.०पासून मुख्य थ्रेडवरून नेटवर्कची विनंती करायलाच बंदी घातली. केली तर ॲप तिथेच त्रुटी देऊन बंद पडतं. ती बंदी मला फार योग्य वाटते.

वेगळ्या थ्रेडला एक पथ्य आहे: त्याने स्क्रीनला हात लावायचा नाही. स्विंग, विंडोज फॉर्म्स, अँड्रॉइड, सगळीकडे स्क्रीनवरचे घटक एकाच थ्रेडच्या मालकीचे असतात. दुसऱ्या थ्रेडवरून लेबल बदललं तर कधी चालतं, कधी अर्धवट रंगतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो, आणि ‘माझ्या मशीनवर चालत होतं’ असं म्हणण्याची वेळ येते. निकाल लूपच्या रांगेत निरोप म्हणून टाका, म्हणजे स्विंगमध्ये ‘इन्व्होक लेटर’ आणि विंडोज फॉर्म्समध्ये ‘बिगिन इन्व्होक’ वापरा, आणि लेबल लूपला बदलू द्या.

हँडलरने किती वेळ घेतलेला चालतो? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा अजून उपयोगी आहेत. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे त्याचं लक्ष उडतं. डेअरीत खाते नंबरावरून नाव येण्याचं काम पहिल्या मर्यादेतच बसवा. दोन-तीन हजार सभासदांची यादी सुरुवातीलाच मेमरीत घेतली की ते सहज बसतं.

काटा आणि फॅट मशीन

माणसाच्या बोटांपेक्षा यंत्रांचे इव्हेंट अधिक फसवे असतात. काटा सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो. डॉटनेटमध्ये ‘डेटा रिसीव्ह्ड’ हा इव्हेंट येतो तो वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे वरचं पथ्य इथे आलंच. दुसरी गोष्ट, हा इव्हेंट आला म्हणजे पूर्ण वजन आलं असा अर्थ नाही. काही अक्षरं आली, एवढंच. १२.४५ हा आकडा एकदा ‘१२.’ आणि एकदा ‘४५’ असा दोन तुकड्यांत येऊ शकतो. तुकडे साठवत जा, ओळ संपल्याची खूण आली की मगच आकडा म्हणून वाचा. आणि दूध ओतलं जात असताना काटा सतत बदलतं वजन पाठवत असतो. त्यातलं कोणतं खरं? सलग चार-पाच वाचनं सारखी आली की वजन स्थिरावलं असं धरा आणि तेव्हाच ‘वजन ठरलं’ असा स्वतःचा एक इव्हेंट तयार करा. फॉर्मने त्या इव्हेंटकडे लक्ष द्यावं. काट्याच्या प्रत्येक कुजबुजीशी त्याला देणंघेणं नको.

फॅट मशीनचं दुखणं निराळं आहे. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात सचिव पुढच्या माणसाचा नंबर टाकायला लागलेले असतात. बरेच विद्यार्थी आलेला आकडा ‘सध्या कर्सर ज्या चौकटीत आहे तिथे’ किंवा ‘सध्या स्क्रीनवर जी नोंद उघडी आहे तिला’ लावतात. मग म्हशीच्या दुधाची ७ फॅट गायीच्या दुधाला लागते आणि गायीची ३.५ म्हशीच्या दुधाला. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो आणि दशांशावर पैसे कमी-जास्त होतात. त्यामुळे ही चूक थेट कुणाच्या तरी खिशातून जाते. ‘फॅट कमी लावली’ ही डेअरीवरची जुनी तक्रार आहे. तिच्यात आपल्या प्रोग्रॅमची भर नको.

म्हणून नमुना मशीनला लावतानाच ती नोंद बांधून टाका. सचिवांनी एक फंक्शन कळ दाबावी, त्या क्षणी नोंदीला क्रमांक मिळावा आणि ती ‘फॅट येणे बाकी’ या यादीत जावी. मशीनचा आकडा आला की तो त्या यादीतल्या सर्वांत जुन्या नोंदीला लागतो, स्क्रीनवर काहीही उघडं असलं तरी. लागताना नाव आणि फॅट मोठ्या अक्षरांत दाखवा, म्हणजे समोरचा शेतकरीही बघेल. मशीनने आकडा दिलाच नाही, तर काही वेळाने टायमरने त्या नोंदीवर लाल खूण करावी. न आलेल्या इव्हेंटचीही व्यवस्था लागते, आणि ती बहुधा कुणी करत नाही.

बारकोड वाचणारी बहुतेक यंत्रं संगणकाला कीबोर्ड असल्यासारखीच भासतात, हेही इथेच सांगून ठेवतो. वाचलेला नंबर जिथे कर्सर असेल तिथे टाइप होतो आणि वर एंटर मारली जाते. सभासद कार्डावर बारकोड ठेवणार असाल, तर कर्सर लिटरच्या चौकटीत असताना कार्ड वाचलं गेलं तर काय होईल ते आधी ठरवा. जनावरांना आरएफआयडी टॅग लावण्यासाठी भिलवडीच्या चितळे डेअरीचं नाव आपल्या भागात घेतलं जातं. तसलं काही करायचं असेल तर एकच टॅग वाचकासमोर आहे तोवर पुन्हा पुन्हा वाचला जातो, हे लक्षात घ्या.

टॅग समोर येणं ही घटना, तो समोर असणं ही स्थिती. घटना आणि स्थिती यांतला हा फरक समजून घ्यायला सांगलीच्या आयर्विन पुलासारखी दुसरी जागा नाही. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. समजा, पातळी दाखवणारा आणि सूचना पाठवणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिताय. दर पंधरा मिनिटांनी वाचन येतं. ‘४०च्या वर असेल तर सूचना पाठव’ असं लिहिलंत, तर पाणी चार दिवस वर राहिलं की शेकडो सूचना जातील आणि लोक त्या वाचणं सोडून देतील. सूचना ओलांडण्याच्या क्षणाची हवी: मागचं वाचन ४०च्या खाली, आताचं वर. त्यातही पाणी ४०वर रेंगाळलं, कधी इंचभर खाली, कधी इंचभर वर, तर पुन्हा मारा सुरू होतो. म्हणून उतरतानाची सीमा थोडी खाली ठेवा, समजा ३९ फूट, आणि तिच्या खाली जाऊन आल्याशिवाय दुसरी सूचना नाही. स्थिर वजनाचं, तापमानाचं, बॅटरीचं, सगळ्यांचं गणित हेच.

फोकस, मराठी टायपिंग आणि आपोआप उठणारे इव्हेंट

चौकटीतून कर्सर बाहेर पडला की तपासणी करावी, असं पुस्तकं सांगतात. करा, पण तिथे संदेशाची खिडकी उघडू नका. खिडकी उघडली की फोकस तिच्याकडे जातो, बंद झाली की पुढच्या चौकटीत. तुम्ही त्याला बळजबरीने मागे आणता, तेवढ्यात दुसऱ्या चौकटीचीही तपासणी सुरू होते आणि दोन खिडक्या एकमेकींना उघडत बसतात. चूक चौकटीशेजारी लाल अक्षरांत लिहा आणि ‘जतन करा’ अडवा. तेवढं पुरे.

नावावरून सभासद शोधायची सोय केलीत तर दुसरा सापळा भेटतो. गावात ‘पाटील’ टाकल्यावर मोठी यादी खाली उघडणारच. वापरणारा त्यातल्या नावावर क्लिक करतो आणि यादी नाहीशी होते, नाव काही निवडलं जात नाही. ब्राउझरमध्ये माउस दाबताक्षणी आधी चौकटीचा फोकस जातो आणि क्लिकचा इव्हेंट बटण सोडल्यावर येतो. तुम्ही फोकस गेल्यावर यादी लपवत असाल, तर क्लिक येईपर्यंत यादी शिल्लकच राहत नाही. यादीवर माउस दाबल्याच्या इव्हेंटमध्येच ब्राउझरची नेहमीची वागणूक थांबवा. फोकस चौकटीतच राहतो आणि क्लिक नीट पोचतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी वेगळी काळजी लागते आणि इंग्रजी पुस्तकांत ती क्वचितच सापडते. उच्चारानुसार टाइप करायच्या साधनात ‘जाधव’ हा शब्द आधी तात्पुरता बनतो आणि निवड झाल्यावर पक्का होतो. तोवर कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्ये खरं अक्षर नसतं; ब्राउझरमध्ये तिथे २२९ हा एकच सांकेतिक आकडा येत राहतो. कळीवरून अक्षर ओळखणाऱ्या शोधाला मराठीत मग काहीच सापडत नाही. शोधासाठी चौकटीतला मजकूर बदलल्याचा ‘इनपुट’ इव्हेंट घ्या. शब्द निवडण्यासाठी मारलेली एंटर आणि नोंद जतन करायची एंटर यांत गल्लत होऊ नये म्हणून ‘इज कंपोझिंग’ ही खूण तपासा. प्रत्येक अक्षराला डेटाबेसकडे धावू नका. टायपिंग २००-३०० मिलिसेकंद थांबलं की मगच शोधा.

आकड्यांचंही तसंच. कीबोर्ड मराठीत राहिला आणि लिटरच्या चौकटीत देवनागरी ‘४.५’ पडलं तर? पायथनचं फ्लोट ते मुकाट वाचतं. जावाचं पार्स डबल त्रुटी देतं, जावास्क्रिप्टचं नंबर ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. वाचण्याआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणारं चार ओळींचं फंक्शन लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा.

प्रोग्रॅमने स्वतः चौकटीत काही लिहिलं तर बदलाचा इव्हेंट उठतो का? याचं उत्तर साधनागणिक बदलतं. विंडोज फॉर्म्समध्ये उठतो, स्विंगमध्ये उठतो, ब्राउझरमध्ये ‘इनपुट’ उठत नाही. दर बदलला की रक्कम काढा आणि रक्कम बदलली की दर काढा, असे दोन हँडलर लिहिलेत तर ते एकमेकांना हाका मारत फिरतील. स्विंगमध्ये डॉक्युमेंट लिसनरच्या आत त्याच चौकटीचा मजकूर बदलायला गेलात तर सरळ त्रुटी येते. एक ठाम ठरवा: रक्कम ही फक्त काढायची गोष्ट आहे, टाइप करायची नाही.

रचना कशी ठेवावी

जावाच्या १.० आवृत्तीत इव्हेंट एका मोठ्या फंक्शनमध्ये यायचे आणि तिथे ‘हे बटण असेल तर हे, ते असेल तर ते’ अशी शिडी लिहावी लागायची. १९९७च्या १.१मध्ये ती पद्धत बदलून लिसनर आले. तरी आजही एका ‘ॲक्शन परफॉर्म्ड’मध्ये वीस बटणांची शिडी लिहिलेले प्रकल्प दिसतात. प्रत्येक बटणाला त्याचा छोटा हँडलर द्या. जावा ८पासून लॅम्डामुळे तो एका ओळीत बसतो. आणि हँडलरमध्ये हिशोब लिहू नका. ‘नोंद जतन कर’ असं एक साधं फंक्शन असावं, त्याला फॉर्मची ओळखही नसावी. बटण, एंटर, एफ-दोन कळ या तिघांनी त्यालाच बोलवावं. मग दराचा हिशोब स्क्रीन न उघडता तपासता येतो.

फंक्शन कळा कुठूनही चालायला हव्यात. स्विंगमध्ये की लिसनर फक्त फोकस असलेल्या घटकापुरताच चालतो. त्याऐवजी की बाइंडिंग वापरा. टीकेइंटरमध्ये ती कळ मुख्य विंडोला बांधा.

पायथनवाल्यांसाठी दोन खास सूचना. बटणाच्या ‘कमांड’ला फंक्शनचं नाव द्यायचं असतं. पुढे कंस लावलेत तर फंक्शन फॉर्म उघडतानाच चालतं आणि बटण मुकं राहतं. आणि लूप लावून दहा बटणं तयार करताना लॅम्डामध्ये लूपचा व्हेरिएबल तसाच वापरलात, तर दहाही बटणं शेवटच्या किमतीवर काम करतात. ती किंमत लॅम्डाच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये बांधून ठेवा. जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एक: फॉर्म दर वेळी उघडताना नव्या अनामिक फंक्शनने लिसनर जोडलात, तर तिसऱ्यांदा उघडल्यावर एका क्लिकला तीन नोंदी होतील. लिसनर एकदाच जोडा, किंवा नाव असलेलं फंक्शन वापरा म्हणजे ते काढताही येतं.

आता लाइटचं. ‘विंडो बंद होताना सगळं जतन करू’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. लाइट गेली तर बंद होण्याचा इव्हेंट येतच नाही, आणि आपल्याकडे लाइट सकाळच्या गर्दीतही जाते. प्रत्येक नोंद त्या-त्या वेळी डेटाबेसमध्ये पक्की करा. एसक्यूएलाइट यासाठी पुरेसं आहे आणि फुकट आहे. पुन्हा सुरू झाल्यावर ‘फॅट येणे बाकी’ असलेल्या नोंदी आधी समोर आणा.

तपासणीसाठी प्रोग्रॅमला सुरुवातीपासून एक नोंदवही द्या: प्रत्येक इव्हेंट आला कधी, कुठून आला, हँडलर संपला कधी, हे वेळेसह एका फाइलमध्ये लिहा. तक्रार आली की अंदाज बांधायची गरज उरत नाही. मग मुद्दाम छळा. माउस काढून ठेवून पन्नास नोंदी करा. एंटर दाबून धरा. सिरियल केबल मधेच उपसा आणि पुन्हा लावा. नेट बंद करा. नोंद जतन होताना संगणकाची वायर काढा. कीबोर्ड मराठीवर ठेवून लिटर टाका. यातून जो फॉर्म टिकेल तो केंद्रावर घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी सचिवांच्या मागे उभं राहून न बोलता बघा. ते कुठे थबकतात, कोणती कळ दोनदा मारतात, हे तुम्हाला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

प्रकल्प मार्गदर्शक आणि परीक्षकांनाही एक विनंती. अहवालात डेटा-फ्लो आकृत्या मागता तसा इव्हेंटचा तक्ताही मागा: कोणता इव्हेंट, कुठून येतो, हँडलर काय करतो, किती वेळ घेतो, आणि तो दोनदा आला किंवा आलाच नाही तर काय होतं. विद्यार्थ्यांनी कुणी मागायची वाट न बघता कोड लिहिण्याआधीच तो तक्ता एका कागदावर करावा आणि गावातल्या सचिवांना वाचून दाखवावा.